बूट घालून आत आलेली मुलगी

आमच्या सासूबाईंचा एकच कायदा होता. चपला-बूट दाराबाहेर. या कायद्याला सांगलीत अपील नव्हतं आणि अमेरिकेत आल्यावर तर नव्हतंच नव्हतं. एकदा केबल दुरुस्त करायला एक सहाफुटी माणूस आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायात घोट्याच्या वर गेलेले जाडजूड बूट. सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं आणि त्याच्या पायांकडे बोट दाखवून चक्क मराठीत सांगितलं, "आधी ते काढ. घरात देव आहेत." त्याला काय कळलं ते तोच जाणे, पण बिचारा खाली बसला आणि नाड्या सोडत राहिला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. जाताना सासूबाईंनी त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. मी तिथेच उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देव म्हणजे काय, तर स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, सीरियलच्या खोक्याशेजारी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. पण देव ते देव.

मी नागपूरची. आमच्याकडे माणूस आला की आधी "या, बसा", मग पाणी, चपलांचं नंतर बघू. त्यात माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आईच म्हणायची. त्यामुळे या कायद्यावरून सासूबाईंचे आणि माझे बरेच खटके उडाले. त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर यायच्या. पहिला महिना खटक्यांत जायचा, शेवटचा महिना रडण्यात, आणि मधले चार कसे जायचे ते कळायचंच नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचं शूज ठेवायचं कपाट. आता आमचं स्वतःचं घर आहे, गॅरेजमधून आत आलं की बूट ठेवायला वेगळी जागा आहे. मागच्या आठवड्यात ते कपाट आवरताना अगदी तळाशी सासूबाईंचे पांढरे स्नीकर्स सापडले. शेवटच्या खेपेला "पुढच्या वेळी लागतील" म्हणून इथेच ठेवून गेल्या होत्या. पुढची वेळ काही आली नाही. गुडघे गेले त्यांचे. आता सांगलीत धाकट्या दिरांकडे असतात आणि व्हिडिओ कॉलवर मला फक्त त्यांचं कपाळ दिसतं. ते बूट हातात घेतले, नाड्या बघितल्या आणि तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसले. गॅसवर दूध होतं, तेही उतू गेलं.

तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायचो. शॉमबर्ग या उपनगरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, तीन मजली विटांच्या इमारती, खाली तळघरात सगळ्यांच्यात मिळून कपडे धुण्याची मशिनं. राहणारे निम्मे आपले आयटीवाले, ज्यांचं अर्धं लक्ष कायम विकाऊ घरांच्या जाहिरातींकडे. निम्मी मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, जी आमच्या आधीपासून तिथे होती आणि आमच्यानंतरही राहणार होती. आमच्या समोरच्या दारात अशाच दोघी जणी, आई आणि मुलगी. आई एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. मुलगी पंधरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची.

काय दिवस होते! दोन दारांच्या मध्ये चार पावलांची जागा, आणि त्या जागेत दोन्ही घरांचे वास येऊन भांडायचे. त्या आईने तव्यावर मिरच्या भाजल्या की आम्ही खोकायचो, मी फोडणी दिली की त्या दोघी. जिन्यात भेट झाली की ती हसून विचारायची, "आज कोण, तू की मी?" तिचं इंग्रजी माझ्या सुरुवातीच्या इंग्रजीसारखंच, अडखळत पण काम भागवणारं. मला नोकरीची परवानगी नव्हती, दिवसभर मी घरात. त्या इमारतीत माझी पहिली मैत्रीण कोण, तर ती.

आणि ते ट्रम्पेट! जिन्यात आवाज घुमतो म्हणून पोरगी जिन्यातच बसून वाजवायची. एकच ओळ, तीही दर वेळी त्याच ठिकाणी चुकलेली. मी एकदा दार उघडून म्हटलंसुद्धा, "अगं, पुढे तरी जा!" ती खदखदून हसली आणि मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अशी होती.

सासूबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यातच. गव्हाळ रंग, कमरेपर्यंत वेणी. सासूबाईंनी लगेच चौकशी सुरू केली. "कोणाची गं तू? मूळच्या कुठल्या तुम्ही?" पोरगी नुसतीच हसली. सासूबाई घरात येऊन मला म्हणतात, "समोरची मुलगी दिसायला गोड आहे, पण शिष्ट आहे हो. येत असून मराठी बोलत नाही."

"आई, ती मेक्सिकन आहे."

"काहीतरीच काय! अगदी आमच्या तासगावच्या वन्संची मुलगी."

नंतर पटलं त्यांना, पण भाषा काही बदलली नाही. त्या मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चालायचं. मी मध्ये भाषांतर करायला गेले की दोघी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच आगाऊ. "आजी" हा शब्द तेवढा ती शिकली होती.

त्याच सप्टेंबरात ते झालं. मोठ्या रस्त्यावर, शाळेची बस थांबते तिथून जवळच एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप होता. दिवसाढवळ्या तिथे दोन टोळकी भांडली आणि गोळ्या झाडल्या गेल्या. ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नाही असा एक मुलगा मध्ये सापडला, आमच्या या मुलीच्याच बँडमधला. तो जगला, पण शाळेत परत आला नाही. ही तेव्हा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच दिवसांत एक लाल पिकअप ट्रक बस स्टॉपवर यायला लागला. आत दोन-तीन बाप्ये, कॉलेजची पोरंही नव्हेत, चांगले वाढलेले. मुलं बसमधून उतरली की ट्रक त्यांच्या बाजूने हळूहळू चालवायचा, काच खाली करायची आणि ओरडायचं. आपल्या देशात परत जा. तुमच्या आईबापांना पकडून देतो. मुलींना जे बोलायचे ते मी इथे लिहिणार नाही, माझा हात धजत नाही. एकदा बर्फाने भरलेला कोलाचा पेला फेकून मारला होता. त्या स्टॉपवर उतरणारी मुलं जवळजवळ सगळी मेक्सिकन घरांतली. प्रत्येकाचं काही ना काही झालं. एक जण उगाचच मोठमोठ्याने हसायला लागला. एक शाळेत मारामाऱ्या करायला लागला. एका मुलीने शाळाच सोडली. आमच्या समोरचं ट्रम्पेट बंद पडलं.

मला आधी लक्षातच आलं नाही. शांतता झाली की माणसाला बरंच वाटतं ना. मग एके दिवशी तळघरात कपडे काढताना तिची आई म्हणाली, "शाळेतून आल्यावर ती घरात एकटी बसू शकत नाही. दार चार-चारदा बघते, बंद आहे का. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. मी सहाला येते. तोपर्यंत तुझ्याकडे बसेल का?"

"बसेल का म्हणजे? हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं. पोलिसांचं विचारलं तर तिने नुसती मान हलवली. त्यांच्या घरातल्या कोणाच्या तरी कागदपत्रांचं काहीतरी होतं. कोणाचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. धापा टाकत. स्टॉपपासून पळत आली होती हे उघडच दिसत होतं. महिनाभरात केवढी वाळली होती! डोळ्यांखाली काळं, भुवया मधूनच विरळ झालेल्या. स्वतःच उपटायची, हे मला नंतर समजलं. मी दार उघडलं तशी ती सरळ आत शिरली. आणि मागून आवाज आला, "बूट!"

सासूबाई. कायदा म्हणजे कायदा.

मुलीने मान हलवली. नाही.

"अगं, काढ ते. गालिचा आहे, देव आहेत." मुलगी अजून नाहीच म्हणते. सासूबाईंना वाटलं, नाड्यांची गाठ सुटत नसेल. नातवंडांचे काढतात तसे काढायला त्या खाली वाकल्या आणि त्यांनी नाडीला हात लावला मात्र, मुलगी भिंतीला जाऊन चिकटली. दोन्ही हात भिंतीवर. श्वास असा वरच्या वर. मी जन्मात कोणाला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेही कोणाला, तर नऊवारीतून नुकत्याच पाचवारीवर आलेल्या, चार फूट दहा इंचांच्या आमच्या सासूबाईंना!

"राहू द्या आई, राहू द्या," मी म्हटलं. मुलगी दाराशेजारच्या खुर्चीत बूट घालूनच बसली, आई येईपर्यंत. चहा नाही, लाडू नाही. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. मला म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय. माझ्या पोटच्या पोरांची नाही टाप झाली कधी."

सहा वाजता मुलगी घरी गेली आणि तिची आई आमच्या दाराशी थांबली. मी झालेलं सांगितलं. तिने आधी आपल्या दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. म्हणाली, "झोपतानाही काढत नाही. बूट घालूनच झोपते. गोळ्या झाडल्या त्या दिवशी तिच्या पायात नुसत्या सपाता होत्या. पळताना एक निसटली. मागे वळून घ्यायची हिंमत झाली नाही. एक पाय अनवाणी, तशीच घरापर्यंत पळाली. काच लागली होती. तेव्हापासून म्हणते, पळावं लागलं तर बूट हवेत."

मी आत येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. मळायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "झोपेत पण?"

"झोपेत पण."

"अगं बाई गं." एवढंच म्हणाल्या आणि परातीत पाणी जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर सोफ्यावर सासूबाईंची गोधडी पसरलेली. सांगलीहून बॅगेत अर्धी जागा अडवून आणलेली, त्यांच्या जुन्या साड्यांची. तिच्यावर माझ्या मुलालाही खाऊ खायला बंदी होती. मुलगी आली. सासूबाईंनी तिचा हात धरला, बुटांसकट गालिच्यावरून चालवत नेलं आणि गोधडीवर बसवलं. वर पाय उचलून गोधडीवर ठेवले, चिखलाच्या बुटांसकट.

संध्याकाळी नवऱ्याने गालिच्यावरचे ठसे पाहिले. "हे काय? आई, मी दहावीला बोर्डात आलो तेव्हा पेढे घेऊन पळत आत आलो होतो, तर तू मला बूट काढायला परत बाहेर पाठवलं होतंस!"

"तुला कोणी मारायला धावत होतं का?" सासूबाई म्हणाल्या. "आत आलं की आता आपल्याला काही होत नाही, असं वाटतं म्हणून माणूस चपला काढतो. तिला वाटेल तेव्हा ती काढेल. तू तुझे काढलेस का?"

नवऱ्याने मुकाट्याने काढले.

मग त्यांनी माझ्याकडून खोदून खोदून काढून घेतलं, ट्रक कधी येतो, कुठे थांबतो, काय ओरडतो. काय ओरडतो ते मी अर्धंच सांगितलं. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आमचं फिरणं उद्यापासून दुपारी."

हे फिरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मुलांकडे आलेल्या आईवडिलांचं एक पथक होतं. पुण्याच्या एक काकू, बडोद्याचे एक काका, गुंटूरचं एक जोडपं आणि सासूबाई. रोज संध्याकाळी पार्किंग लॉटला फेऱ्या. साडीवर मुलाचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट, पायात पांढरे स्नीकर्स, डोक्याला माकडटोपी. अमेरिकेतल्या कुठल्याही कॉम्प्लेक्समध्ये जा, हे पथक असतंच. सासूबाईंनी पथकाला खरं कारण सांगितलं नाही. "दुपारचं ऊन चांगलं हो, हाडांना," एवढंच. बरोबर साडेतीनच्या बसला पथक मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपवर हजर.

पहिले काही दिवस मुलगी इतकी लाजली! पंधरा वर्षांची पोर, बसमधून सगळे वर्गमित्र उतरताहेत आणि समोर पाच माकडटोप्या उभ्या. ती आपली ओळखच नसल्यासारखी दहा पावलं पुढे चालायची. सासूबाई मागून हाका मारायच्या, "अगं हळू! माझे गुडघे!" मला घरी येऊन सांगायची, "आजीला सांग ना, इतक्या मोठ्याने नको." मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तिला ऐकू येतं. मला वाटलं, ऐकूच येत नाही."

पण हळूहळू तिचं पळणं थांबलं. मग ती पथकाबरोबर चालायला लागली. सासूबाईंच्या नाड्या सारख्या सुटायच्या. त्यांना आयुष्यात नाड्यांची सवय नव्हती. एक दिवस मीही बरोबर होते, तेव्हा मुलगी रस्त्यातच गुडघ्यावर बसली आणि तिने त्यांच्या नाड्या स्वतःच्या बुटांसारख्या बांधल्या. दुहेरी गाठ, वर आणखी एक, शिल्लक टोकं आत खोचलेली. "अशी बांधली की कितीही पळालात तरी निघत नाहीत," असं तिने सांगितलं. मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला पळतेय या वयात?" पण त्यानंतर नाड्या रोज तिच्याकडूनच बांधून घ्यायच्या.

शाळेच्या काउन्सेलरशीही ती बोलायला लागली होती. तिच्या आईने बरेच दिवस पाठपुरावा केला तेव्हा कुठे आठवड्यातून एक तास मिळाला. त्याचाही उपयोग झाला, मी नाही म्हणणार नाही. उगाच कोणाला वाटायला नको की गोधडीने आणि लाडवांनी असली दुखणी बरी होतात. ती आता मोठी झाली, नोकरी करते, तरी चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाला, फटाके सुरू झाले की मला फोन करते आणि इकडचं तिकडचं बोलत राहते. मीही काही विचारत नाही. फटाके संपेपर्यंत बोलते.

पथक होतं तोवर ट्रक फारसा थांबला नाही. एखाद्या वेळी भुर्रकन निघून जायचा. सासूबाईंना वाटलं, मोहीम फत्ते. मग नोव्हेंबर आला, थंडी वाढली, पुण्याच्या काकू परत गेल्या, बडोद्याच्या काकांना खोकला झाला, गुंटूरचं जोडपं मुलीकडे टेक्सासला. "आई, आज एकट्या जाऊ नका," मी म्हटलं. माझ्या मुलाला ताप होता, मला निघता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "एकटी कुठे, येताना दोघी असतो." आणि टोपी चढवून गेल्या.

नेहमीच्या वेळेला बेल वाजली नाही. मी खिडकीतून दोनदा बघून आले. मग दार उघडूनच उभी राहिले, तर दोघी जिना चढताहेत. मुलीने सासूबाईंना कमरेतून धरलं होतं. जॅकेटच्या एका खांद्यावरून कोला ओघळत साडीवर आला होता. टोपी मुलीच्या हातात, तीही चिंब.

सासूबाई माझ्याकडे न बघता आत आल्या. दारात थांबल्या नाहीत. पांढरे बूट तसेच, ओले, गालिच्यावरून सरळ चालत सोफ्यापाशी गेल्या आणि गोधडीवर बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या बाईला मी आठ वर्षं ओळखत होते. त्यांचा पाय बुटासह माझ्या घराच्या आत पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मुलीने भराभर सांगितलं. ट्रक आला होता. या वेळी तिच्याकडे नाही, आजीकडे बघून ओरडत होते. टोपीची नक्कल, साडीची नक्कल. मग पेला. नेम खांद्याला लागला. आजी फुटपाथच्या कडेला मटकन खालीच बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन उचलला. मुलगी म्हणाली, "आत्ता नको, प्लीज. आधी आजी." (तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी केली, मुलीचा उल्लेख न करता. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही.) मी पाणी आणलं. सासूबाईंनी घेतलं नाही. "आई, जॅकेट काढा, ओलं आहे." ऐकू आल्याचं चिन्ह नाही. नजर दाराकडे. दार बंद होतं, तरी दाराकडेच. मला रडू यायला लागलं आणि रागही, आणि मी काय करत होते तर टॉवेल घेऊन उगाच गालिचा पुसत होते.

मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली. गुडघ्यांवर, रोज रस्त्यात बसायची तशी. "आजी," ती म्हणाली आणि पुढचं इंग्रजीत, अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. आपण आत आहोत. दार बंद आहे, मी बघितलंय. इथे कोणी येत नाही. मी भाषांतर केलं नाही, कोणी सांगितलंही नाही. तिने सासूबाईंच्या बुटांच्या खोचलेल्या टोकांना बोटं घातली. स्वतःच दुपारी बांधलेल्या गाठी तिने सोडवल्या, आधी वरची, मग खालची. सासूबाई पाय आखडतील असं मला वाटलं. नाही आखडले. तिने एक बूट काढला, मग दुसरा. ओले मोजे काढून पाय आपल्या हातांत धरून चोळले.

मग ती तशीच खाली बसून राहिली, स्वतःच्या बुटांकडे बघत. आत माझा मुलगा खोकला, तेवढाच आवाज. तिने एक नाडी धरली. सोडली. पुन्हा धरली. गाठ घट्ट बसली होती, किती दिवसांची कोण जाणे. नखांनी उकलावी लागली. दोन्ही बूट निघाले तेव्हा तिच्या घोट्यांवर नाड्यांचे लाल वळ होते. तिने चारही बूट उचलले, दार उघडलं, बाहेर ठेवले आणि दार लावून परत आली. कडी एकदाच बघितली.

मोज्यांतल्या पावलांनी ती गालिच्यावर उभी होती. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

सासूबाईंची नजर दारावरून हलली. त्या भोकावर येऊन थांबली. आणि मला म्हणाल्या, घोगऱ्या आवाजात, पण हुकमी, "बघत काय बसलीस? लाडू दे तिला."

मी हसले, रडले, डब्याचं झाकण माझ्या हातून पडलं. मुलीने लाडू खाल्ला, दुसराही खाल्ला. सासूबाईंनी जॅकेट काढू दिलं, साडी बदलली, येऊन बसल्या. मुलगी गोधडीवर त्यांच्या शेजारी कलंडली आणि बघता बघता झोपली. उतरत्या उन्हात, तोंड उघडं टाकून. सासूबाईंनी तिच्या पावलांवर गोधडीचं टोक ओढलं आणि बसून राहिल्या, कोणाला हूं की चूं करू दिलं नाही. माझा मुलगा पाणी मागायला आला तर त्यालाही डोळ्यांनीच दटावलं.

सहा वाजले, सव्वासहा झाले. मुलीच्या आईची बेल नाही. जिन्यात तिची पावलं मात्र मी ऐकली होती. मला काळजी वाटली म्हणून दार उघडलं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, हॉटेलच्या कामाच्याच कपड्यांत. मुलीचे दोन्ही बूट तिच्या मांडीवर होते. चेहरा पांढराफटक. क्षणभर मला कळेना, मग लख्ख कळलं. मुलीचे बूट दिसले आणि त्यांत मुलगी नाही. बिचारीच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! बेल दाबायची तिची छातीच झाली नव्हती.

"आत आहे," मी घाईघाईने म्हटलं. "झोपली आहे."

"झोपली?" तिने बुटांकडे पाहिलं. "हे न घालता?"

"हे न घालता. मोजे आहेत फक्त. एकाला भोक आहे."

तिने तोंडावर हात दाबला आणि रडली, आवाज न करता, आतली उठू नये म्हणून. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. जरा वेळाने तिने डोळे पुसले, उठली, आणि मुलीचे बूट पुन्हा जिथे होते तिथे, सासूबाईंच्या पांढऱ्या बुटांना लावून नीट ठेवले. मग दाराच्या चौकटीला एक हात टेकून तिने स्वतःचे बूट काढले, तेही त्या ओळीत ठेवले आणि आत आली.